पाच लाखांचे कार्ड आणि महिन्याच्या गोळ्या

वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना, त्यांचे उत्पन्न काहीही असो, रुग्णालयातील उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याची योजना केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. 'आयुष्मान वय वंदना' हे त्या कार्डाचे नाव. तत्पूर्वी १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली होती आणि पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांच्या जोडीला पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही तिच्या कक्षेत घेतले होते. पैसे नाहीत म्हणून कोणीही योग्य वैद्यकीय उपचारांना मुकता कामा नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ साली आपल्या अहवालात मांडले होते. ते कागदावरून निदान शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचण्यास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. हा निर्णय स्वागतार्ह आहे आणि त्याचे श्रेय कोणाचे या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

परंतु या कार्डाने वृद्धांच्या औषधपाण्याचा प्रश्न सुटला, अशी जी समजूत गावोगावच्या शिबिरांतून आणि फलकांवरून पसरत चालली आहे, ती मात्र तपासून घेतली पाहिजे. मालवण तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी प्रस्तुत लेखकाला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले आपले कार्ड दाखविले आणि एका वाक्यात साऱ्या योजनेची समीक्षा केली: "मास्तरानू, कार्ड आसा, पण गोळ्यो कार्डार गावनत नाय." अर्थशास्त्राचे अध्यापन करण्यात वीस वर्षे घालवल्यावरही हा मुद्दा इतक्या थोड्या शब्दांत सांगणे मला जमले नसते.

या आजींचा जमाखर्च साधा आहे. पती रापणीवर जात. ते वारून पुष्कळ वर्षे झाली. मुलगा मुंबईत खासगी नोकरीत असून त्याचे स्वतःचे भागता भागत नाही. श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये येतात. त्यांना रक्तदाब आहे, मधुमेह आहे, आणि गुडघे जवळजवळ निकामी झाले आहेत. बाजारपेठेतील औषधांच्या दुकानाचे बिल महिन्याला नऊशेच्या घरात जाते. उरलेल्या सहाशेत तेल, मीठ, चहा, विजेचे बिल आणि रिक्षा. महिनाअखेर जवळ आली की त्या रक्तदाबाची गोळी मोडून अर्धी घेतात. डॉक्टरांना हे ठाऊक नाही, मुलालाही नाही. शेजारणीला ठाऊक आहे, कारण तीही तेच करते.

हा जिल्हा म्हाताऱ्यांचा जिल्हा होत चालला आहे, हे जनगणनेने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. २००१ साली सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. सारा देश वाढत असताना ज्या थोड्या जिल्ह्यांत माणसे घटली त्यांत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी ही जुळी भावंडे होती. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हे त्याच जनगणनेतील प्रमाण आपण अभिमानाने सांगतो. पण त्यामागे कर्ते पुरुष घर सोडून जातात ही जुनी हकीकत दडलेली आहे. एके काळी या घरांत निदान मनीऑर्डर येत असे. गिरणगावात राबणाऱ्या कोकणी माणसाला राज्य कामगार विमा योजनेचे छत्र होते, दवाखाना होता, रुग्णालय होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर आणि पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्यावर तो माणूस गावी परतला, तेव्हा नोकरीबरोबर विमाही गेला. आज तो सत्तर-पंचाहत्तरीचा आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान वेतन सप्टेंबर २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरले, तेवढ्यावर अशी अनेक कुटुंबे जगत आली आहेत. ज्या तरुणांनी या वृद्धांना दवाखान्यात न्यायचे ते मुंबईत, पुण्यात वा गोव्यात आहेत. घरात माणूस नाही आणि गाठीला पैसा नाही, अशा दोन्ही उणिवा एकाच छपराखाली आल्या म्हणजे साधा खोकलाही दुखणे होऊन बसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाच लाखांचे कार्ड हाती असताना नऊशेचे बिल का भरावे लागते?

याचे उत्तर योजनेच्या रचनेत आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना काय किंवा महात्मा फुले योजना काय, दोन्ही मुळात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आखल्या आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगावरील उपचार, मोडलेल्या खुब्याचे हाड, डायलिसिस यांचा खर्च अंगीकृत रुग्णालयाला परस्पर मिळतो. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील तपासण्या व औषधे धरली आहेत. महात्मा फुले योजनेत काही शस्त्रक्रियांनंतरच्या पाठपुराव्याची सोयही आहे. पण ज्या माणसाला दाखल होण्याची गरज नाही, गरज आहे ती केवळ रोज सकाळी एक आणि रात्री दोन गोळ्यांची, तो या योजनेच्या दृष्टीने आजारीच नाही.

विम्याचे शास्त्र ज्यांनी थोडेफार वाचले आहे त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. विमा हे अनिश्चित आणि मोठ्या हानीवरचे साधन आहे. घराला आग लागेल की नाही हे कोणास ठाऊक नसते, लागली तर सर्वस्व जाते, म्हणून शंभर घरांनी थोडे थोडे देऊन एकाचे नुकसान भरून काढायचे. म्हातारपणीचा औषधाचा खर्च याच्या नेमका उलट आहे. तो लहान आहे आणि तो निश्चित आहे. पहिल्या तारखेला तो येणार, पुढच्या पहिल्या तारखेला पुन्हा येणार आणि मरेपर्यंत येत राहणार. अशा खर्चाला विम्याचे साधन लावणे म्हणजे रोजच्या जेवणाचा विमा उतरवण्यासारखे आहे. त्यासाठी साधन हवे ते वेगळे, सरळ पुरवठ्याचे. जसे आपण धान्य शिधावाटप दुकानातून देतो तसे. आपल्या सार्वजनिक साहाय्याच्या विचारात गेल्या दहा-पंधरा वर्षांत विम्याने इतकी जागा व्यापली आहे की पुरवठ्याचा हा साधा मार्ग नजरेआड झाला, अशी माझी तक्रार आहे.

आणि यातला विरोधाभास तिजोरीच्याही मुळावर येतो. अर्धी गोळी घेणाऱ्या त्या आजींना उद्या अर्धांगवायूचा झटका आला तर हेच कार्ड तत्परतेने पुढे येईल. रुग्णवाहिका येईल, आरोग्यमित्र कागद भरून घेतील, अतिदक्षता विभागाचे हजारो रुपयांचे बिल शासन निमूटपणे भरेल, आणि एक चालतीबोलती बाई अंथरुणाला खिळून घरी परत येईल. अमलोडिपिनसारखी रक्तदाबाची जुनी, नाव न मिरवणारी गोळी सरकारच्या घाऊक खरेदीत रुपयाच्या आतच पडते. जो पैसा रुपयाने वाचला असता तो हजारांनी खर्च करण्याची तयारी आपण ठेवली आहे. रुपया खर्च करण्याची मात्र नाही.

ही चूक करणारे आपण पहिले नव्हे. अमेरिकेने १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकिर्दीत पासष्टीवरील नागरिकांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड अशा दोन योजना कायद्याने उभ्या केल्या. रुग्णालयाचा खर्च, डॉक्टरांची फी ही सारी त्यात आली. पण घरी घ्यावयाची औषधे वगळली गेली. मेडिकेड राबविणाऱ्या राज्यांनी गरिबांपुरती काही भर घातली, परंतु मेडिकेअरमध्ये औषधांचा समावेश करणारा कायदा व्हायला २००३ साल उजाडले आणि लाभ प्रत्यक्षात १ जानेवारी २००६ पासून मिळू लागला. जगातील सर्वांत श्रीमंत देशाच्या म्हाताऱ्यांनी ही चाळीस वर्षे आपल्या गोळ्या स्वतःच्या खिशातून घेतल्या. उलट ब्रिटनने १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू करताना औषधेच काय, चष्मे आणि दातांच्या कवळ्याही मोफत देऊन टाकल्या. तीन वर्षांत त्यांवर शुल्क बसविण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्या सेवेचे जनक अन्यूरिन बेवन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. चष्म्यासाठी मंत्र्याने खुर्ची सोडावी ही गोष्ट आज आपल्याला कादंबरीतली वाटेल.

चष्म्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. पासष्टीवरील आणि दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, चाकांची खुर्ची अशा उपकरणांसाठी एकदाच तीन हजार रुपये खात्यावर जमा होतात. योजना चांगली आहे. पण तीन हजारांत चष्मा होईल, चाकांची खुर्ची कोणत्या दुकानात मिळेल हे मला शोधून सापडले नाही.

विम्याच्या दुसऱ्या बाजूला रोख साहाय्याची जी व्यवस्था आहे, तिच्याकडे आता पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले कोकणचेच. निराधार, विधवा, अपंग, दुर्धर आजारी अशा माणसाला राज्याने दरमहा काही द्यावे, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती आणि तिची योग्य ती कदर झाली नाही असे माझे मत आहे. पुढे श्रावणबाळ योजना आली. केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी महिना पंचाहत्तर रुपयांवर सुरू झाली. तिचा केंद्रीय वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांसाठी पुढे दोनशे रुपये झाला आणि २००७ पासून तिथेच थांबला आहे. राज्याने भर घातली म्हणून आकडा दीड हजारापर्यंत आला, तोही २०२३ मध्ये.

या योजनांत कोणाला घ्यायचे याची कसोटी मात्र पाहण्यासारखी आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजार रुपयांच्या आत हवे. अनुदान हजाराचे दीड हजार झाले तेव्हाही ही मर्यादा हलली नाही. हिचा अर्थ काय होतो ते वर्गात फळ्यावर मांडावे तसे मांडतो. २०२५-२६ साली रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे घरातील एका माणसाने वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी ६८ दिवस सरकारने ठरवलेल्या मजुरीवर काम केले की २१,२१६ रुपये होतात आणि ते कुटुंब सरकारच्याच लेखी निराधार राहत नाही. त्या वेळचा एक सरकारी नियम म्हणत होता की शंभर दिवस काम मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. दुसरा म्हणतो की अडुसष्ट दिवस काम केलेत तर आईचे अनुदान गेले. अर्थात प्रत्यक्षात असे होत नाही. प्रत्यक्षात सर्वजण वीस हजारांचा दाखला काढतात, देणारा आणि घेणारा दोघेही मनातून जाणतात की तो खोटा आहे, आणि ज्या सरळमार्गी म्हाताऱ्याला खोटे सांगवत नाही तो बाहेर राहतो. नियम असा असावा की प्रामाणिक माणसाला तो पाळून लाभ घेता येईल. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचा हिशेब मांडला तेव्हा १९६०-६१ च्या किमतींवर रेषा ओढली आणि पुढील वर्षांसाठी किमतींच्या वाढीप्रमाणे ती वर सरकवली. रुपयांत ओढलेली रेषा सरकवायची असते, हा अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा धडा आहे.

या लेखाचे वाचक बव्हंशी माझ्यासारखेच पगारदार असणार. आपल्याला महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढवून मिळतो आणि त्यास दोन महिने विलंब झाला तर आपल्या संघटना मोर्चा काढतात. सेवेत असेपर्यंत औषधोपचाराच्या खर्चाची प्रतिपूर्तीही मिळते. निराधारांच्या दीड हजाराला महागाईचा निर्देशांक लागू नाही. त्यांची संघटना नाही, आणि मोर्चा काढायला गुडघे नाहीत.

अपंगांच्या बाबतीत तर कायदाच पुढे धावला आणि अंमल मागे राहिला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या चोविसाव्या कलमात, सामाजिक सुरक्षेच्या योजनांमध्ये अपंगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान पंचवीस टक्क्यांनी अधिक असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. पंचविसावे कलम घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवेची जबाबदारी शासनावर टाकते, उत्पन्नाची अट शासनाने ठरवावी इतकीच मुभा देऊन. असे असता संजय गांधी योजनेत अपंगाला आणि इतर निराधाराला एकच रक्कम मिळत राहिली. अपंगांसाठी ती अडीच हजार झाली ती ऑक्टोबर २०२५ पासून. कायद्याने सांगितल्यावर जवळजवळ नऊ वर्षांनी. झाली हे चांगलेच झाले, आणि पंचवीस टक्क्यांहून अधिक झाली हेही मान्य केले पाहिजे. पण त्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला हवा, त्यासाठी वैद्यकीय मंडळासमोर उभे राहायला हवे, आणि ज्याला उभेच राहता येत नाही त्याने मालवणहून ओरोसपर्यंतचे तीस-पस्तीस किलोमीटर कसे गाठायचे याचा विचार नियमात कोठेही नाही. वाहनभाड्याचे दोन-अडीच हजार रुपये अनुदान मंजूर होण्याआधीच खर्च होतात. मंडळाने त्या दिवशी 'पुढच्या आठवड्यात या' म्हटले तर पुन्हा तितकेच.

अंतराचा हा खर्च कोणत्याच योजनेच्या हिशेबात धरलेला नसतो. राज्य परिवहन महामंडळाने २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीवरील प्रवाशांना एसटीचा प्रवास मोफत केला, त्याखालील ज्येष्ठांना आणि पुढे स्त्रियांना अर्धे तिकीट केले. ही सवलत किती मोलाची आहे हे एसटीत बसणाऱ्यालाच कळेल. पण एसटी हमरस्त्याने जाते. वाडी असते घाटीच्या खाली किंवा खाडीच्या पल्याड, आणि एसटीची पायरी गुडघा गेलेल्या माणसाच्या कमरेइतकी उंच असते. हमरस्त्यापर्यंतची रिक्षा आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी हा खर्च मोफत तिकिटाने भरून निघत नाही. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा जाणाऱ्या रुग्णाचे उदाहरण घ्या. उपचार मोफत, पण महिन्यातील दहा-बारा खेपांचे भाडे त्याच्या सर्व अनुदानाहून अधिक.

आणि जेव्हा दुखणे हाताबाहेर जाते तेव्हा आपली वाट आजही दक्षिणेला वळते. बांबोळीच्या गोमेकॉचा आणि सिंधुदुर्गचा संबंध जुना आहे. १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची ती परंपरा. मुंबई पाचशे किलोमीटरवर आणि बांबोळी शंभरावर असल्यावर माणूस राज्याची हद्द पाहत नाही. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परप्रांतीय रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर आले. पुढे महात्मा फुले योजना तेथे लागू करण्याचा तोडगा निघाला. गोव्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या रहिवाशांच्या पैशांतून चालवलेले रुग्णालय दुसऱ्या राज्याने गृहीत धरावे हे कोणालाही रुचणार नाही. मला बोचते ते निराळेच. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे साठीवरील गरजू वृद्धाला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून दोन हजार रुपये मिळतात आणि अलीकडे, तितक्याच म्हाताऱ्या आणि बहुधा नात्यातल्याच माणसाला, पासष्टी गाठेपर्यंत श्रावणबाळचे दार बंद असते. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तरच त्याला साठीपासून काही मिळते.

मग करायचे काय? सुदैवाने यासाठी परदेशांत जाण्याची गरज नाही, आणि फार दूरच्या राज्यातही जाण्याची नाही. रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील चार जिल्हे निवडले होते: भंडारा, सातारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग. त्याची पद्धत अगदी साधी होती. सर्व केंद्रांत एकच ठरलेली औषधयोजना, त्यामुळे थोडीच औषधे पण ती भरपूर; रुग्णाला एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या; आणि मोजणी, नोंद व औषधवाटप हे काम शक्य तितके उपकेंद्रापर्यंत खाली नेणे. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. ज्या जिल्ह्यात हे घडवून दाखविले गेले, त्याच जिल्ह्यात आजी गोळी मोडून खातात याचा अर्थ असा की पद्धत सापडली आहे, ती सर्व आजारांना, सर्व वाड्यांना आणि बाराही महिने लागू करण्याचे राहिले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क झाले आहेत. पण मोफत गोळी पाच दिवसांची मिळाली आणि तिच्यासाठी येण्याजाण्याचे दीडशे रुपये लागले तर ती गोळी मोफत राहत नाही.

तामिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू केलेल्या योजनेत रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या आरोग्य कार्यकर्त्या घरपोच नेऊन देतात. केरळने २००८ साली अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरच्या शुश्रूषेचे धोरण स्वीकारले आणि ते काम ग्रामपंचायतींच्या अंगावर टाकले. परिचारिका आठवड्याला ठरावीक घरी जाते. आपल्याकडेही आशा सेविका घरोघर जातेच. तिच्या पिशवीत महिन्याच्या गोळ्या ठेवण्यास फार मोठ्या क्रांतीची गरज नाही, तिच्या मानधनात त्या कामाचा मोबदला धरण्याची आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पैशाचा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही, कारण अर्धांगवायूच्या एका रुग्णावर होणाऱ्या खर्चात शेकडो माणसांच्या वर्षाच्या रक्तदाबाच्या गोळ्या येतात. दुसरा आक्षेप खरा आहे: औषधे वेळेवर येतच नाहीत. राज्याची औषधखरेदी आधी हाफकिन महामंडळाकडे, मग २०२३ साली कायद्याने स्थापलेल्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेली. दरम्यान केंद्रांतील कपाटे रिकामी राहिल्याचे आपण पाहिले आहे. तामिळनाडूचे औषध महामंडळ १९९४ पासून हे काम करीत आहे. तेव्हा मागणी करायची तर नव्या कार्डाची न करता या कपाटांची करावी. प्रत्येक प्राथमिक केंद्राच्या आणि उपकेंद्राच्या दारावर वृद्धांच्या नेहमीच्या दहा-बारा औषधांची यादी लावावी, आज कोणते आहे आणि कोणते नाही हे त्यावर लिहावे. शिधावाटप दुकानाच्या फळ्यावर साखरेचा साठा लिहिलेला आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत.

उत्पन्नाची मर्यादा किमतींशी बांधणे, अनुदानाला निर्देशांक लावणे आणि अपंगत्वाचे मंडळ ठरलेल्या दिवशी तालुक्याला नेणे या गोष्टी मंत्रालयाच्या अखत्यारीतील आहेत. आमदारांनी त्या विधानसभेत मांडाव्यात. एक गोष्ट मात्र गावाच्या हातात आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असा शासनाचा आदेश आहे. किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या गावांत घरपट्टीचे उत्पन्न अलीकडे बरेच वाढले आहे. त्या पाच टक्क्यांतून दाखल्यासाठी ओरोसला जाणाऱ्या किंवा डायलिसिसला जाणाऱ्या अपंगांचे वाहनभाडे देता येईल की नाही, हा प्रश्न १ मेच्या ग्रामसभेत कोणीही विचारू शकतो. शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयातील विद्यार्थी यांना हिशेब वाचता येतो. गेल्या तीन वर्षांत ते पाच टक्के कशावर खर्च झाले, एवढी एक नोंद ग्रामसेवकाकडून मागून घ्यावी. ती मागण्यासाठी कोणतेही कार्ड लागत नाही.